विश्लेषण : अकाली जन्मलेल्या बाळाची नजर लेझरने वाचते का? पहिले ३० दिवस इतके महत्त्वाचे का?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत एखादे बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मते, काही दिवस ‘काचेच्या पेटीत’ राहते, वजन धरू लागते आणि घरी येते. घरच्यांना वाटते, संकट टळले. पण नेमक्या याच काळात बाळाच्या डोळ्यांमागे ‘आरओपी’ हा आजार वाढत असू शकतो. त्यावर लेझर उपचार आहे आणि तो बहुतेक वेळा यशस्वीही होतो. अट एकच, बाळ वेळेत तपासले गेले पाहिजे.

आरओपी म्हणजे काय?

आरओपी म्हणजे ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’. गर्भात चौथ्या महिन्याच्या सुमारास दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढू लागतात. दिवस पूर्ण भरेपर्यंत त्या कडेला पोहोचतात. बाळ आधीच जन्मले की ही वाढ अर्धवट राहते. जीव वाचवण्यासाठी दिलेला ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला तर ती आणखी खुंटते. मग रक्त न पोहोचलेला कडेचा भाग रासायनिक संदेश पाठवू लागतो आणि नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्यांच्या ओढीने दृष्टिपटल जागेवरून सुटले, तर कायमचे अंधत्व येऊ शकते.

लेझर नेमके काय करते?

औषधाने बाहुली मोठी करून, डोक्याला लावलेल्या उपकरणातून डॉक्टर कडेच्या भागावर लेझरचे शेकडो ठिपके देतात. तो भाग निकामी झाला की संदेश थांबतात. थोडक्यात, कडेची थोडी नजर देऊन मधली, चेहरे ओळखण्याची आणि वाचण्याची नजर वाचवायची. गेलेली दृष्टी मात्र लेझरने परत येत नाही.

यश किती?

अमेरिकेतील ‘ईटीआरओपी’ अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. जास्त धोका असलेल्या डोळ्यांवर लवकर उपचार केल्यावर, नऊ महिन्यांनी ९.१ टक्के डोळ्यांत दृष्टिपटलाची स्थिती वाईट होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आजार आणखी वाढेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण १५.६ टक्के होते. नजर अधू राहण्याचे प्रमाण १९.५ वरून १४.५ टक्क्यांवर आले. म्हणजे दृष्टिपटल वाचले तरी प्रत्येक वेळी नजर पूर्ण मिळतेच असे नाही. अशा मुलांना पुढे मोठ्या नंबरचा चष्मा लागू शकतो किंवा तिरळेपणा येऊ शकतो. त्यामुळे लेझरनंतरही तपासण्या सुरूच राहतात.

काही बाळांना आता लेझरऐवजी डोळ्यात इंजेक्शन दिले जाते. मात्र त्यानंतर काही आठवडे वा महिन्यांनी आजार उलटू शकतो, म्हणून देखरेख अधिक काळ ठेवावी लागते.

तपासणी कधी?

भारतात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी, असा निकष आहे. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी ही मुदत दोन ते तीन आठवड्यांची आहे. उपचाराची गरज दिसली, तर तो ४८ ते ७२ तासांत व्हायला हवा.

अडचण इथेच येते. बाळंतीण आणि बाळाने सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही, ही आपल्याकडची रीत. अनेक जणी माहेरी, शहापूर-मुरबाडच्या गावी जातात. तपासणीची मुदत मात्र सव्वा महिन्याआधीच संपते. डोळा बाहेरून अगदी नितळ दिसतो. बाहुली पांढरी दिसू लागेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

जबाबदारी कोणाची?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाली. त्यातील आजारांच्या यादीत आरओपी आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतील एका मुलीच्या प्रकरणात सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. सरकारी रुग्णालयातून घरी सोडताना या तपासणीबद्दल पालकांना सांगितलेच गेले नव्हते.

पालकांनी काय विचारावे?

डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. आरओपी तपासणी झाली का? पुढची तारीख कोणती? ती कुठे होणार? पहिली तपासणी ‘नॉर्मल’ आली तरी रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झाल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावे लागते. माहेरी जायचे असेल, तर तिथे जवळ तपासणी कुठे होते हे निघण्याआधीच विचारून घ्यावे.