थेंबे थेंबे तळे आटे

रात्री घरात निजानीज झाली की दिवसभर न जाणवलेले आवाज ऐकू येऊ लागतात. घड्याळाची टिकटिक, पंख्याची कुरकुर आणि संडासातल्या फ्लश टाकीची बारीक सुरसुर. पहिल्या रात्री त्या आवाजानं झोप मोडते. आठवड्याभरात कानांना त्याची सवय होते. ‘प्लंबरला सांगायला हवं,’ असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो आणि कूस बदलतो.

आमच्याकडेही असंच चाललं होतं. एका रविवारी टाकीकडे जाणारा कॉक बंद केला, आत पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीनं खूण केली आणि तासाभरानं पाहिलं. पाणी खाली गेलं होतं. खुणेपर्यंत ते पुन्हा भरायला लिटरची चार मापं लागली. तासाला चार, म्हणजे दिवसाला जवळजवळ ९६ लिटर! शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे आमच्या घरात एक न दिसणारा पाहुणा मुक्कामाला होता आणि त्याची आंघोळ काही संपत नव्हती.

हे पाणी येतं कुठून? मुंबईपुरतं बोलायचं तर तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून. तानसा धरण १८९२ सालचं. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. तिथून आलेलं पाणी शुद्ध करायचं, पंपानं इमारतीच्या गच्चीवर चढवायचं आणि थेट गटारात सोडायचं, याला काय म्हणावं?

खरं तर या टाकीत गूढ असं काही नाही. पाणी आत घेणारा बॉलकॉक आणि पाणी भांड्यात सोडणारी झडप, एवढाच तिचा संसार. कॉक बंद केल्यावर पातळी खाली खाली जात राहिली, तर दोष तळाच्या झडपेच्या रबरी वॉशरचा. पातळी स्थिर राहिली, पण कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहू लागलं, तर दोष बॉलकॉकचा. अशा वेळी तरंगता चेंडू हातानं वर उचलून पाहावा. पाणी थांबलं, तर चेंडूची दांडी किंवा स्क्रू बसवून पातळी नळीच्या तोंडापासून इंचभर खाली आणली की झालं. थांबलं नाही, तर बॉलकॉकचा वॉशर झिजला, असं समजावं. आवाज येत नसेल आणि शंका असेल, तर टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा. अर्ध्या तासात, फ्लश न करता, तो भांड्यात उतरला तर गळती आहेच.

आमचा दोष वॉशरचा निघाला. टाकीचं झाकण चिनी मातीचं असेल तर ते आधी जमिनीवर नीट ठेवावं. घाईत फुटतं ते तेच. मग कॉक बंद करून टाकी रिकामी केली. झडप थोडी फिरवून वर काढली. बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर तिच्यावर बसला होता. तो व्हिनेगरनं निघाला, पण रबर कडक झालं होतं. जुना वॉशर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. नमुना बरोबर असला की माप चुकत नाही. तासाभरात काम झालं. टाकीला तडा गेला असेल किंवा ती भिंतीच्या आत बसवलेली असेल, तर मात्र कारागिरालाच बोलवावं.

त्या रात्री घड्याळ टिकटिकत होतं, पंखा कुरकुरत होता. तिसरा आवाज नव्हता. पाहुणा गेला होता.