सूटकेसमधलं सॉसेज आणि जंतूंची कॉपी

संशोधनासाठी त्सुकुबाला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई काय काय कोंबते! मेतकूट, भाजणी, चकल्या. इथवर ठीक. पण मटणाच्या लोणच्याची बरणी जपानच्या विमानतळावर अडते. सरकारी तपासणीचं प्रमाणपत्र नसलेलं मांस शिजवलेलं असो, वाळवलेलं असो की तेलात मुरलेलं, आत नेता येत नाही. चोरून नेलं तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 30 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सामानाच्या पट्ट्यापाशी बीगल कुत्री बॅगा हुंगत फिरत असतात. एका बरणीसाठी एवढा बंदोबस्त?

त्सुकुबा हे टोकियोच्या ईशान्येला खास विज्ञानासाठी वसवलेलं शहर. जपानच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचं, म्हणजे ‘नारो’चं मुख्यालय तिथेच आहे. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारा तिचा विभागही तिथलाच. जानेवारी 2019 मध्ये चीनहून आलेल्या प्रवाशांकडची डुकराच्या मांसाची सॉसेजेस नागोयाजवळच्या चुबू विमानतळावर पकडली गेली. या विभागाने ती तपासली, तेव्हा त्यांत आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू सापडला, आणि तोही जिवंत, डुकरांना लागण करू शकेल असा! माणसाला तो काही करत नाही, डुकरांचे मात्र गोठेच्या गोठे रिकामे करतो. आता विचार करा. ज्याला स्वतःच्या बळावर वाढताही येत नाही, तो विषाणू कापणं, भरणं, विमानप्रवास हे सगळं पचवून तगला. मग अशा चोरट्या मांसात सामानासकट येणाऱ्या जिवाणूंचं काय? साल्मोनेला, ई. कोलाय ही मंडळी तर भरल्या घरची. ऊब आणि ओलावा मिळाला, की ई. कोलाय दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो.

तरीही खरी गंमत जंतूत नाही. ती त्याच्या खिशात आहे.

1955 साली हाँगकाँगहून जपानला परतलेल्या एका महिलेच्या पोटात हगवणीचा जंतू, शिगेला, सापडला. तो स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा अशा चारही औषधांना दाद देत नव्हता. पुढे असे रुग्ण वाढत गेले. चक्रावणारी गोष्ट अशी, की रुग्णाला औषध एकच दिलेलं असायचं, आणि जंतू मात्र चारही औषधांना पुरून उरलेला! अपघाताने होणारे बदल एकेक करत साचायला हवेत ना? चारही एकदम कसे?

त्यात आणखी एक धागा हाती लागला. त्याच रुग्णांच्या आतड्यातले एरवी निरुपद्रवी ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना निर्ढावलेले होते. मग 1959 मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी अगदी साधं काम केलं. औषधाला दाद न देणारा एक जंतू आणि औषधाने मरणारा दुसरा, असे दोन्ही एका नळीत एकत्र वाढवले. थोड्या वेळाने पाहतात तो, मरणाराही निर्ढावलेला! जंतू गाळून काढून उरलेलं नुसतं पाणी घातलं, तर मात्र काहीच होत नव्हतं. म्हणजे जंतूला जंतू भिडायला हवा होता.

परीक्षेच्या हॉलमध्ये पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर सरकणारी कॉपीची चिठ्ठी आठवते? हे तेच. फक्त ही चिठ्ठी डीएनएच्या छोट्या कड्याची असते आणि कितीही वाटली तरी देणाऱ्याकडची प्रत शाबूत राहते. या कड्याला प्लाझ्मिड म्हणतात. चिठ्ठी घेणारा त्याच जातीचा असावा अशीही अट नाही. शिगेलाने ई. कोलायला दिली तरी चालते! मूळ शोधनिबंध जपानी भाषेत असल्याने बाहेरच्या जगाला पत्ताच नव्हता. केइओ विद्यापीठाच्या त्सुतोमु वातानाबे यांनी 1963 मध्ये इंग्रजीत सविस्तर मांडणी केली, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

आता कळतं, की मांस नीट शिजवलं म्हणजे प्रश्न संपला, असं का नाही. कढईतले जंतू मरतात, हे खरंच. पण सुरीवर, पाटावर, शेजारच्या काकडीवर चार जंतू राहिले, तर ते आतड्यात पोचतात. तिथे त्यांनी तुम्हाला आजारी पाडलंच पाहिजे असंही नाही. जाताजाता तिथल्या रहिवाशांच्या हातात चिठ्ठी दिली, तरी पुरे.

कोलिस्टिनचीच गोष्ट घ्या. हे औषध सापडलं जपानमध्ये, मातीतल्या एका जिवाणूपासून. आज बाकीची औषधं हरली, की डॉक्टर नाइलाजाने याच्याकडे वळतात. आणि हेच डुकरं लवकर पोसावीत म्हणून वर्षानुवर्षं खाद्यात मिसळलं जायचं! कोलिस्टिनवर धन भार असतो आणि जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ते तिथे चिकटतं आणि आवरण फाडतं. नोव्हेंबर 2015 मध्ये चिनी संशोधकांनी डुकरांमधल्या ई. कोलायकडे एक नवी चिठ्ठी सापडल्याचं जाहीर केलं. तिच्यावर ‘एमसीआर-1’ हे जनुक होतं. ते करतं काय, तर आवरणावर एक चिमुकला रेणू डकवून ऋण भार कमी करतं. बस्स! कोलिस्टिनला धरायला जागाच उरत नाही.

कायदेशीर मांसात अशा गोष्टींवर निदान कुणाची तरी नजर असते. जनावरांमधल्या औषध-प्रतिकारावर जपान 1999 पासून देशभर पाळत ठेवून आहे. चोरट्या मांसाचं जनावर काय खात होतं, त्याला शेवटचं इंजेक्शन कधी दिलं, कापण्याआधी कुणी तपासलं, यातलं काहीच कागदावर नसतं. कुठल्याच मोजणीत ते येत नाही.

आणि मोजणीला किती अर्थ असतो, पाहा. चीनने 2017 मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन मिसळणं बंद केलं. भारतानेही 2019 मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते द्यायला बंदी केली. एमसीआर-1 बाळगणं जंतूला फुकट पडत नाही. औषधच समोर नसेल, तर तो बोजा नसलेले भाईबंद पुढे निघून जातात. चीनमधल्या डुकरांत कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचं प्रमाण 2015-16 मध्ये 34 टक्के होतं. 2017-18 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं.