किल्ला झाला, आता बहिर्जीची वाट शोधा



दिवाळीत पोरे अंगणात किल्ला करतात. दगड रचतात, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर टाकतात, बुरुजावर बाजारचे मावळे उभे करतात. आणि मग? मग किल्ला तसाच बसून राहतो, भाऊबीजेच्या आत कोंबड्या तो उकरू लागतात. एवढ्या मेहनतीच्या किल्ल्यावर काही घडायला नको का?

यंदा त्यावर एक गोष्ट खेळा. घरातला एकजण गोष्ट सांगणारा, बाकीचे गोष्टीतली माणसे. सांगणारा प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "आता तू काय करशील?" ज्याने त्याने आपल्या डोक्याने उत्तर द्यायचे. ते जमले की फसले, हे फासे ठरवतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली असा खेळ विक्रीला आणला. त्याचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. भुयारे आणि राक्षसांचा तो खेळ पुढे जगभर पसरला. आपल्याला राक्षस कशाला हवेत? आपल्या संगमनेरच्या मुलखातच घडलेली गोष्ट हाताशी आहे.

१६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज जालना लुटून परतत होते. संगमनेरजवळ रणमस्तखानाच्या मोगली फौजेने त्यांना गाठले. मोठी लढाई झाली, सिधोजी निंबाळकर कामी आले. तेव्हा बहिर्जी नाईक या जासुदाने आडवाटेने रात्रंदिवस चालवून महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचवले. ही हकीगत सभासद बखरीत आली आहे. महाराजांनी तेथे विसावा घेतला म्हणून पट्ट्याला विश्रामगड म्हणतात. अकोले आणि सिन्नर तालुक्यांच्या सीमेवरचा हाच तो किल्ला. तुमच्या अंगणातला किल्ला म्हणजे पट्टा समजा. त्याच्या पायथ्यापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीची एक रेघ ओढा, ती म्हाळुंगी नदी. उंबरा म्हणजे संगमनेर. खेळाची वाट तयार झाली.

फाशांसाठी चार चिंचोके खडबडीत दगडावर घासून एक बाजू पांढरी करा. तीन किंवा चार पांढरे पडले तर काम फत्ते. दोन पडले तर काम होते, पण काहीतरी गमवावे लागते: घोडा लंगडतो, पाण्याची पखाल फुटते. एक पडला किंवा एकही नाही, तर बेत फसला. चार चिंचोके सोळा प्रकारे पडू शकतात. त्यांत पाच फत्तेचे, सहा अर्ध्या यशाचे, पाच फसण्याचे. शेतीपेक्षा हा हिशेब बरा म्हणायचा! बेत फसला तरी गोष्ट थांबवू नका. वाट चुकली तर दुसरीकडे निघेल, नवी अडचण येईल. "तू मेलास, बाजूला बस" असे एकदा म्हटले की ते पोर पुन्हा खेळायला येत नाही.

महाराजांचे सोंग कोणालाही देऊ नका. एक महाराज झाला की बाकीचे नुसती मान डोलावतात. जासूद, नालबंद, जखमी स्वार, लुटीचे बैल हाकणारा अशी माणसे द्या. ज्याचे जे काम, त्यात त्याला एकदा चिंचोके पुन्हा फेकता यावेत. आजीला वाटेवरच्या वस्तीतली म्हातारी करा. या अनोळखी माणसांना भाकर द्यायची की नाही, हे तिने ठरवायचे. तिच्याशी बोलताना नातवंडांची काय तारांबळ उडते ते पाहा. सुनेलाही स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा. फराळाची ताटे दुसऱ्या कोणी भरली तर काही बिघडत नाही.

पहिल्या वेळी तीनच प्रसंग पुरेत. आधी अंधारात नदी उतरणे, मग ही वस्ती, शेवटी गडाची चढण. मागून मोगलांची धूळ दिसते आहे, जनावरे थकली आहेत. आता बैलावर लूट ठेवायची की जखमी गडी? हा प्रसंग बखरीतला नाही, आपल्या खेळातला आहे, हे पोरांना सांगून टाका. येथे चिंचोके फेकू नका. घरातल्यांनी बोलून ठरवावे.

आणि येथेच सांगणाऱ्याची खरी परीक्षा आहे. वडीलधाऱ्यांना उत्तर सुचवायची फार घाई. शेतीशाळेत आम्ही पाहतो, प्रश्न विचारून थांबले की मागे बसलेला माणूसही बोलतो. उत्तर आपणच दिले की तोही गेला आणि शेजारचाही. तसेच येथे. सगळ्यांत धाकटीला आधी विचारा, कारण मोठा भाऊ बोलला की ती त्याचेच म्हणणे धरते. ती कदाचित म्हणेल, लूट खड्ड्यात पुरू आणि वर काटे टाकू. तुमच्या बेतात ते नसेल. नसू द्या. हो म्हणा आणि विचारा, खड्डा खणायला पहार कोणाकडे आहे?

बेत आदल्या दिवशी अर्ध्या कागदावर उतरवा, जास्त नको. लिहिलेले फार झाले की सांगणारा ते वाचत बसतो. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर अहळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधीच पेरा. खेळाला पाडव्याची रात्र बरी. संध्याकाळचे दूध काढून झाले की बसा आणि नवाच्या सुमारास उठा, पहाटे पुन्हा गोठ्यात जायचे असते. गोष्ट अर्धी राहिली तर भाऊबीजेला बहीण-भाऊजी आले की पुढची खेळा. त्यांना मोगलांकडची माणसे करा. चिंचोके मात्र आठवणीने डबीत घालून वर ठेवा. रांगते पोर घरात असेल तर ते सरळ नाकात घालते.