बाटली फिरवून वाचा

कंधारच्या मेडिकलमध्ये घ्या की नांदेडच्या मॉलमध्ये, केसगळतीवरच्या शाम्पूच्या दर्शनी भागावर एक ठळक आकडा असतो: केसगळती अमुक टक्के कमी. त्या आकड्याच्या डोक्यावर अनेकदा एक चिमुकली चांदणी असते. बाटली फिरवून, चष्मा लावून पाहिलं की चांदणीचा खुलासा सापडतो. केस तुटल्यामुळे होणाऱ्या गळतीत, तेही कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत! म्हणजे मुळापासून गळणाऱ्या केसांबद्दल कंपनी अवाक्षरही बोललेली नाही. गुंता सोडवताना मधेच तुटणारे केस जरा कमी तुटतील, एवढंच तिचं म्हणणं. बाटलीची पुढची बाजू जाहिरातवाले लिहितात. मागची बाजू कायद्याच्या धाकाने लिहिली जाते.

हा धाक जुना आहे. १९४५ च्या औषध नियमांमध्ये ‘शेड्यूल जे’ नावाची एक यादी आहे. त्या यादीतले आजार आमच्या औषधाने बरे होतात किंवा टळतात, असा दावा करायला मनाई आहे. कर्करोग, मोतीबिंदू यांच्या पंगतीत तिथे टक्कलही बसलं आहे. केसांचा रंग बदलणं, नवे केस उगवणं आणि अकाली केस पिकणंही आहे. म्हणूनच सावध कंपन्या ‘टक्कल जाईल’ असं न लिहिता ‘केस घनदाट दिसतील’ असं लिहितात. ‘दिसतील’ आणि ‘होतील’ यांच्यातला फरक ग्राहकाच्या लक्षात येत नाही, यावर बराच धंदा चालतो.

लेबल वाचताना पहिला प्रश्न घटकांचा नसून परवान्याचा असतो. केसांसाठी विकली जाणारी वस्तू चारपैकी एका घरातली असते: सौंदर्यप्रसाधन, आयुर्वेदिक औषध, ॲलोपॅथीचं औषध किंवा पूरक आहार. घर बदललं की लेबलवर काय लिहावं लागतं, तेही बदलतं.

बहुतेक शाम्पू, सीरम आणि सुगंधी तेलं सौंदर्यप्रसाधनांत मोडतात. त्यांना २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावं ती तारीख छापणं बंधनकारक आहे. घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यावी लागते: जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. मात्र एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. खरी गंमत इथेच आहे.

यादीत ‘फेनॉक्सीइथेनॉल’ हे नाव शोधावं. हे माल टिकवण्यासाठी घातलेलं रसायन असून त्याची मर्यादा एक टक्क्याची आहे. त्यामुळे या नावानंतर जे काही लिहिलेलं आहे ते एक टक्का किंवा त्याहूनही कमीच असणार. बाटलीच्या पुढच्या बाजूला भृंगराज, जास्वंद आणि कांद्याची चित्रं झळकत असतील आणि मागे त्यांची नावं फेनॉक्सीइथेनॉलच्या पाठीमागे उभी असतील, तर चित्रातला कांदा बाटलीत नावापुरताच आहे हे उघड होतं. कंपनी खोटं बोललेली नसते. कांदा असतो, किती, ते सांगितलेलं नसतं.

सीरमवर ‘३ टक्के रेडेन्सिल’ असं छापलेलं असतं तेव्हाही थोडं थांबायला हवं. रेडेन्सिल हे एकच द्रव्य नसून विकत मिळणारं तयार मिश्रण आहे आणि त्यात मोठा वाटा ग्लिसरीन व पाण्याचा असतो. तीन टक्के मिश्रण म्हणजे तीन टक्के कामाचं द्रव्य नव्हे.

खेड्यापाड्यांत शाम्पूची बाटली कमी आणि पुडी जास्त खपते. नेमक्या त्याच पुडीला कायद्याची सवलत आहे: ६० मिलीपेक्षा लहान द्रव पॅकवर घटकांची यादी देण्याची सक्ती नाही. यादी वाचायची असेल तर त्याच शाम्पूची मोठी बाटली दुकानात हातात घेऊन पाहावी लागते.

तेलाच्या बाटलीवर पहिलं नाव कोणतं, ते सर्वांत महत्त्वाचं. बदाम किंवा आवळ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक हलक्या तेलांत पहिलं नाव ‘मिनरल ऑइल’, ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘पॅराफिनम लिक्विडम’ असं असतं. हे खनिज तेलापासून काढलेलं शुद्ध, वासहीन तेल. ते घातक नाही, केसांना तकाकीही देतं. पण बदामाची किंमत मोजून कोणी ते घेऊ नये. खोबरेलाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. छोट्या बाटलीतलं खोबरेल हे खाद्यतेल की केसांचं तेल, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, बाटली लहान आहे म्हणून ते आपोआप केसांचं तेल ठरत नाही. लेबलवर ते कशासाठी विकलं जातंय ते पाहावं लागेल. तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के जीएसटी होता आणि केसांच्या तेलावर १८ टक्के.

आयुर्वेदिक औषधाचा परवाना असलेल्या तेलाचं लेबल मात्र जास्त बोलकं असतं. तिथे प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला आणि किती, हे लिहावं लागतं. ‘एक्लिप्टा आल्बा’ म्हणजे माका, ‘सेसमम इंडिकम’ म्हणजे तीळ. दहा मिलीत माका किती ग्रॅम, हा आकडा दोन बाटल्यांवर शेजारी ठेवून पाहता येतो. शास्त्रोक्त औषध असेल तर ग्रंथाचं नाव सापडतं. कंपनीने स्वतः जमवलेलं मिश्रण असेल तर ‘प्रोप्रायटरी’ हा शब्द. पण प्रमाण छापलेलं असणं हा गुणाचा पुरावा नाही. परवान्यावरून इतकंच कळतं की ते बनवायला परवानगी आहे.

कांदा तेलाची लाट आली ती कशावर? बगदादच्या डॉक्टरांचा २००२ मधला एक छोटा अभ्यास अजूनही पुढे केला जातो. त्यात कांद्याचा ताजा रस लावल्यावर बहुतेक रुग्णांचे केस परत आले होते. मात्र ते रुग्ण चाई पडलेले होते. आनुवंशिक टकलाचे नव्हते. चाईत केस पुष्कळदा आपोआपही येतात. शिवाय कांद्याचा रस, कांद्याच्या बियांचं तेल आणि कलौंजीचं तेल या तीन वेगळ्या वस्तू आहेत. ‘ॲलियम सेपा’ म्हणजे कांदा आणि ‘नायजेला सॅटायव्हा’ म्हणजे कलौंजी, एवढं लक्षात ठेवलं तरी बाटलीत नक्की काय आहे ते समजतं.

आनुवंशिक टकलावर भक्कम पुरावा असलेली नावं मोजकीच. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्यातून डोक्याला लावायचं औषध तयार झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये आली. अशा औषधांच्या वेष्टणावर ‘आरएक्स’ची खूण आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची सूचना असते. ती खूण नसलेलं सीरम ‘मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी’ म्हणवत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि गमी यांचं घर वेगळं, पूरक आहाराचं. तिथे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं लिहावं लागतं. प्रौढाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. काही परदेशी डब्यांवर १०,००० चा आकडा अभिमानाने छापलेला असतो. जास्तीच्या बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकू शकतात, अगदी हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणाऱ्या ट्रोपोनिनचीही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता.

उरली लेबलच नसलेली बाटली. यात्रा-बाजारात, रस्त्याकडेच्या पालात आणि आता रील्समधूनही १०८ वनस्पतींचं तेल विकलं जातं. १०८ नावांची यादी मागितली तर बहुधा मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेरठला टकलावर औषध लावणाऱ्यांपुढे हजारोंची रांग लागली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला अशाच शिबिरात तेल लावून घेतलेल्या कित्येकांना डोळ्यांच्या त्रासाने दवाखाना गाठावा लागला. अशा तेलात काय आहे हे डॉक्टरांना वाचून कळेल, असं बाटलीवर बहुधा काहीच नसतं.

मात्र लेबल कितीही खरं असलं तरी केस का गळतायत, हे ते सांगू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांमधल्या लोकांचे केस मूठमुठीने हातात येऊ लागले. संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला, शाम्पूवरही गेला. पण कधीच शाम्पू न वापरणाऱ्यांचेही केस गळत होते. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि विंचूदंशावरील उपचारांसाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं आढळलं आणि रेशनच्या गव्हाकडे त्यांनी बोट दाखवलं. शाम्पू बदलून तिथे काहीच हाती लागलं नसतं.

डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि पुढे बहुतेकांचे आपसूक परत येतात. त्या काळात जी बाटली हाताशी असेल, श्रेय तिलाच मिळतं. ‘मला फरक पडला’ असं सांगणारे शेजारी खोटारडे नसतात, पण त्यांच्या सांगण्याने बाटलीतलं द्रव्य सिद्धही होत नाही.

दावा खोटा निघाला तर दाद मागता येते. केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने धात्री हेअर क्रीमची कंपनी आणि जाहिरातीतला अभिनेता अनूप मेनन या दोघांनाही प्रत्येकी १०,००० रुपये द्यायला लावले. आपण ते क्रीम वापरत नव्हतो, आईने केलेलं तेल लावतो, असं अभिनेत्याने जबाबात सांगितलं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कंधारच्या ग्राहकाला मुंबईच्या कंपनीविरुद्ध नांदेडच्या जिल्हा आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मालाच्या दर्जाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. कुठेही गेलं तरी पहिल्यांदा विचारतात ते बिल आणि बॅच क्रमांक, त्यामुळे रिकामी बाटली भंगारवाल्याला द्यायची घाई करू नये.