कडा करप्याचे जिवाणू व त्यांचे शत्रू
भाताच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळत जातात, तो कडा करपा होय. हा रोग करणाऱ्या जिवाणूंना मारणारे विषाणू बांधीच्या पाण्यातच असतात. भाताला त्यांचा काही अपाय नाही. रोगाबरोबर तेही वाढतात. म्हणून जपानमध्ये १९६० च्या सुमारास पाण्यातील असे विषाणू मोजून रोगाचा अंदाज बांधीत असत.

मग रोग नाहीसा का होत नाही? कारण जिवाणूही स्वस्थ बसत नाहीत. विषाणू जिवाणूच्या अंगावर ठराविक जागीच चिकटतो; ती जागा बदलली की त्याचा शिरकाव खुंटतो. शिरकाव झालाच, तर जिवाणूतील विशिष्ट प्रथिने विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याचे कात्रीने कापावेत तसे तुकडे करतात. स्वतःच्या द्रव्यावर त्या जागी रासायनिक खूण असल्याने ते मात्र बचावते. कित्येक जिवाणू तर विषाणूचा एखादा तुकडा आपल्या द्रव्यात जपून ठेवतात व तोच विषाणू पुन्हा आल्यास ओळखून कापतात. करप्याच्या जिवाणूत असे तुकडे आढळल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

एकाच जातीचा विषाणू फवारला, तर त्याला दाद न देणारे थोडे जिवाणू मागे उरतात व तेच पुढे माजतात. यासाठी अमेरिकेत टोमॅटोवरील जिवाणूजन्य ठिपक्यांवर अनेक विषाणूंचे मिश्रण वापरतात व तेही वेळोवेळी बदलतात. उन्हाने विषाणू लवकर नष्ट होत असल्यामुळे ही फवारणी सायंकाळी करणे इष्ट ठरते.