लांब ड्रेस : चार गैरसमज, एक कपाट

परभणीच्या दुकानांत घोट्यापर्यंतचा घोळदार ड्रेस आता साडी आणि पंजाबी ड्रेसच्या शेजारी टांगलेला दिसतो. हात लावून बघतात सगळ्याजणी, पण घ्यायच्या वेळी ठरलेल्या शंका आडव्या येतात. एकेक तपासून पाहू.

गैरसमज : उन्हाळ्यात लांब कपडा म्हणजे उकाडा.
वस्तुस्थिती : मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो हे खरे, पण उकडते ते लांबीमुळे नव्हे, कापडामुळे. वरून जॉर्जेट आणि आत पॉलिस्टरचे अस्तर असले की घाम वाळत नाही. सैल सुती कापडाखाली हवा खेळते, शिवाय ऊन थेट अंगावर येत नाही. वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात, यावरचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’मध्ये छापून आला होता. काळा झगा ऊन जास्त शोषत होता, तरी अंगापर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच भरली. झगा सैल हवा, हे महत्त्वाचे. म्हणून खरेदी करताना रंगाआधी अस्तर उलटून पाहा.

गैरसमज : सुती ड्रेस घरात ठीक, लग्नकार्यात शोभत नाही.
वस्तुस्थिती : छत्रपती संभाजीनगरचा प्रसिद्ध हिमरू हा कापडाचा प्रकार सूत आणि रेशीम एकत्र विणूनच तयार होतो. एकरंगी सुती ड्रेसवर हिमरूची ओढणी, कानांत झुमके आणि केसांत गजरा एवढे लग्नाला पुरते. ऑफिसला तोच ड्रेस बिनबाह्यांची कोटी आणि अरुंद पट्ट्यासह चालतो. दागिना म्हणून घड्याळ पुरे. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा अनेकदा एक आकडी होतो, तेव्हा आत लेगिंग्ज आणि वरून शाल. फेब्रुवारीत इथल्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातल्या गर्दीत फिरायचे तर सपाट चप्पल घाला आणि ओढणी खांद्याला पिनने लावा.

गैरसमज : लांब ड्रेस उंच मुलींनाच खुलतो.
वस्तुस्थिती : बुटकेपणा जाणवतो तो चुकीच्या मापामुळे. कमरेची शिवण नैसर्गिक कमरेच्या थोडी वर घेतली की पाय लांब दिसतात. मोठ्या फुलांपेक्षा बारीक नक्षी किंवा उभ्या रेघा बऱ्या. माप देताना जी चप्पल घालणार तीच पायात असू द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून शिवायला टाकण्याआधी ते पाण्यातून काढून वाळवा.

गैरसमज : गाडीला साडी गार्ड आहे, मग घोळाची काळजी नको.
वस्तुस्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकावा लागतो. म्हणजे उरलेला भाग उघडाच असू शकतो. निघण्याआधी घोळ गोळा करून मांडीखाली दाबा आणि ओढणीची टोके बांधून टाका. रोज स्कूटीवर जाणारीने ड्रेस घोट्याच्या दोन बोटे वरच शिवून घ्यावा.

दुकानात आरशासमोर नुसते उभे राहून ड्रेस ठरवू नका. स्टुलावर बसा, खाली वाका, एखादी पायरी चढून बघा. चढताना घोळ हाताने उचलावा लागला, तर शिंप्याला आधी खालची पट्टी दुमडायला सांगा.