स्ट्रोकचा पाथ केला की हँडल वेडीवाकडी का होतात?

इंकस्केपमध्ये ‘क’ची गाठ जाड रेषेने काढा. पाच-सहा नोड पुरतात, सगळे गुळगुळीत. आता ‘स्ट्रोक टू पाथ’ करा. अक्षर दिसायला तेच राहतं, पण नोड टूल घेऊन बघा: नोडची गर्दी, एक हँडल लांब तर दुसरं आखूड, आणि बरेचदा एक ओढलं तरी समोरचं ढिम्म हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, सॉफ्टवेअर गंडलंय. गंडलेलं नाही, मुळात गणितच तसं आहे.

तुम्ही काढलेला प्रत्येक तुकडा म्हणजे तिसऱ्या घाताचा बेझिए वक्र. दोन टोकं, दोन हँडल, बस्स. जाड रेषेची कड कशी मिळते? मधल्या रेषेवरच्या प्रत्येक बिंदूपासून लंब दिशेने अर्धी जाडी सरकायचं. पण नेमकं तेवढंच सरकायचं तर लंबाला त्याच्या लांबीने भागावं लागतं, आणि लांबी काढायची म्हणजे वर्गमूळ आलं. इथेच घोळ होतो. बेझिए ही बहुपदी असते, तिच्यात वर्गमूळ सहसा मावत नाही. अशा कडेचं बैजिक समीकरण 10व्या घातापर्यंत जातं! दोन हँडलांत ते कसं बसणार?

म्हणून सॉफ्टवेअर अंदाज करतं: कडेचे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर एकेक बेझिए बसवायचा, चूक जास्त वाटली तर आणखी तुकडे. (टिलर आणि हॅन्सन यांनी 1984 साली यावर पेपर लिहिला, म्हणजे दुखणं जुनंच.) त्यामुळे नवी हँडल हिशेबातून येतात, तुमच्या हातातून नाही. ‘नोड स्मूथ करा’ म्हटलं की हँडल एका रेषेत येतात, पण कड थोडी हलते.

गाठीच्या आतल्या बाजूला आणखी गंमत आहे. वळणाची त्रिज्या अर्ध्या जाडीपेक्षा कमी झाली, की आतली कड स्वतःवरच उलटते आणि टोक तयार होतं. तिथली हँडल सगळ्यात विचित्र दिसतात.

नुसतं चित्र असेल तर हे चालून जातं. व्हेरिएबल फाँट करताना मात्र नडतं, कारण बारीक आणि ठळक ‘क’मध्ये नोडची संख्या आणि क्रम सारखाच लागतो. दोन्ही वेगवेगळे रूपांतरित केलेत तर तुकडे वेगळ्या जागी पडू शकतात, मग मधली वजनं तयारच होत नाहीत. त्यापेक्षा बारीक अक्षराची कड हाताने, मोजक्या नोडांत काढा आणि तेच नोड सरकवून ठळक करा. मधली रेषा कंट्रोल-डीने आधीच बाजूला काढून ठेवा. पाथमधून ती परत मिळत नाही.